वारा बघायला

माझी बायको वारली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी क्लबातल्या पोरांची शिडं गोड्या पाण्यात धुतली. पावसाळा सरला होता, रोह्याखाली खाडीवरचा क्लब उघडायचा होता.

तिथं पोरांना शिडाची होडी शिकवणारा माणूस दुबईहून परतलेला. बोलताना तोंडाकडे नाय, पाण्याकडे बघतो. पोरं दोनदा मोजतो, जॅकेटचा पट्टा ओढून. होड्या कधी सोडायच्या, ते मात्र माझ्यासारख्या जुन्या होडीवाल्याला विचारतो.

बाराव्याला सगळे म्हणाले, आता आराम करा. हा शिकवणाराही आलेला. उठताना म्हणाला, "चाचा, उद्या दिवाळीच्या सुट्टीचं शिबिर सुरू. वारा कोण बघणार?"

"तू बघ की. तुझ्याकडे मोबाईल हाय."

"मोबाईलला आपली खाडी ठाव नाय. तुम्ही येईपर्यंत एक होडी सोडणार नाय. पोरं रडली तर तुमच्या नावानं."

"धमकी देतोस काय रे?"

"व्हय."

राग आला. पण बारा दिवसांत माझ्याकडे काम मागणारा हा एकटाच. त्याचे उपकार हायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा माझा मीच केला आणि खाडीवर गेलो. पोरं काठावर ताटकळत होती. वारा जोराचा होता, पण थोड्या वेळात पडेल असं दिसलं. म्हटलं, "तासभर थांबा," आणि त्यांच्यात जाऊन बसलो.