मधली जागा

ज्या बातम्या छापून आल्या त्या मी बहुतेक विसरलो. संपादकांनी "यात बातमी कुठे आहे?" म्हणत जे टोपलीत टाकलं, ते मात्र डोक्यात साचत गेलं. त्यातलं निम्मं वालीवच्या एकाच गाळ्यातलं. तिथे दोघं दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि कधी बातमीसाठी, कधी कोर्टात असं वसईभर भांडून झालं की मी तिथे चहाला जायचो.

एक इनास, गास गावचा. चर्चमधल्या मूर्ती रंगवून हात बसलेला. दुसरा नाईक, मुंबईतल्या कंपनीत ड्राफ्ट्समन. वर्षभराची बिनपगारी रजा काढून आलेला. रजा दसऱ्याला संपणार होती. ड्रॉवरमध्ये सही केलेला राजीनामा पडून होता. गाळा चालला तर तो पोस्टात जाणार, नाही तर नाईक परत कंपनीत.

*

पहिल्याच आठवड्यात नाईकने भिंतीवर चार्ट लावला. यंदा शंभर पाट्या, पुढच्या वर्षी विरारला शाखा, मग सिनेमाची पोस्टरं. इनासने चार्ट शांतपणे वाचला, काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला ब्रश पुसला.

"अरे, वर्षभराचं प्लॅनिंग आहे ते!"

"आजची पाटी कुटं लिवलीय त्यात?"

तेव्हापासून गाळ्याचा नियम ठरला: स्टँडवरची पाटी दाराबाहेर गेल्याशिवाय पुढचीचं नाव काढायचं नाही.

*

इनास पाटी नेहमी शेवटच्या अक्षरापासून रंगवायला घेई. "पैली अक्षरं कोनीपन नीट काढतो. जागा कमी पडते ती शेवटाला." नाईक चारचौघांसारखा डावीकडून.

एका साडीच्या दुकानाची वीस फुटी पाटी आली, तेव्हा दोघं दोन टोकांना बसले. नाईकला जागा लागेल म्हणून इनासने अक्षरं अरुंद काढली. इनासला लागेल म्हणून नाईकनेही. दुपारी अक्षरं संपली, तेव्हा मध्ये माणूस आडवा झोपेल एवढी जागा मोकळी. मालक चार वाजता येणार.

नाईकने डोक्याला हात लावला. इनासने त्या जागेत पदर सावरणारी बाई रंगवली.

मालक पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. "हे मी सांगितलं नव्हतं."

नाईक माफी मागणार, तेवढ्यात ते म्हणाले, "माझ्या दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर हिची बहीण काढा."

*

मग मधली जागा मुद्दाम सोडली जाऊ लागली. डेअरीला म्हैस, सलूनला कंगवा. चष्मेवाल्याच्या पाटीवर मात्र इनासने घुबड काढलं. चष्मेवाला तावातावाने आला.

"माझ्या दुकानावर घुबड? लोक काय म्हणतील?"

"म्हनतील, ह्याच्याकडचा चश्मा घातला की काळोखातपन दिसतं."

चष्मेवाला घुबड घेऊन गेला.

*

मग स्टेशनजवळ फ्लेक्सचं मशीन आलं. तासाभरात पाटी तयार! गाळ्यातलं काम आटलं. माझं डोकं फिरलं. मी आमच्या साप्ताहिकात जळजळीत लेख लिहिला. साप्ताहिकाने तो छापला, आणि त्याच्याच खाली त्याच फ्लेक्सवाल्याची अर्धं पान जाहिरात!

अंक घेऊन मी तरातरा गाळ्यावर गेलो. "मोर्चा काढू. तुम्ही बॅनर रंगवा."

इनासने मान वर केली नाही. "कदी पायजे?"

"उद्या सकाळी."

"मंग फ्लेक्स कर. आज स्टँडवर बेकरी हाय."

*

दसऱ्याला आठवडा राहिला. नाईकने ऑफिसचे शर्ट इस्त्रीला टाकले होते. एवढ्यात दारात माणूस उभा. फ्लेक्सवाला! मी बाह्या सरसावून उठलो.

"माझ्या दुकानाला पाटी हवी," तो म्हणाला. "पत्र्यावर. हाताने रंगवलेली."

"तुमच्याकडे मशीन आहे ना?" मी.

"माझीच पाटी उन्हात दोनदा फिकी पडली, साहेब. मला काय तोंड दाखवायला जागा आहे का? आणि गिऱ्हाइकं सारखी ते मधलं चित्र मागतात. ती मी यांच्याकडेच पाठवत जाईन म्हणतो."

मी बाह्या खाली केल्या. एवढं हलकं मला कुठला खटला जिंकूनही वाटलं नव्हतं. नाईकने तर राजीनाम्याचा ड्रॉवरच उघडला.

"थांब," इनास म्हणाला. "पैली ही पाटी भाईर जाऊ दे."

पाटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेली. तोवर नाईक तिच्यावर फुंकर घालत बसला होता. पाटी घेऊन टेम्पो वळला तसं त्याने राजीनाम्याचं पाकीट काढलं आणि ब्रशने कंपनीचा पत्ता डावीकडून लिहायला घेतला. इनास उजवीकडे येऊन बसला आणि शेवटच्या आकड्यापासून पिनकोड काढू लागला.

दोघांचं लिहून झालं, तेव्हा मध्ये दोन बोटं जागा उरली होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इनासने ब्रश बुडवला.

"काय काढू?"

"कंपनीतली खुर्ची," नाईक म्हणाला.

"तिच्यावर कोन बसलाय?"

"कोणी नाही."