हवामामा आणि अळणी रस्सा

हवामामांचं काम हवेचं. समुद्रात बुड्या मारायला आलेल्या पाहुण्यांच्या पाठीवर जे जाडजूड सिलिंडर असतात, त्यांत हवा भरायची. सकाळी सहाला धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडायला लागायचा आणि हवामामा काट्यावर डोळा रोखून एकेक सिलिंडर भरत बसायचे. बावीस वर्षांत त्यांनी एकही सिलिंडर कमी भरून दिला नव्हता. काटा दोनशेवर म्हणजे दोनशेवर. एकदा बोटवाला म्हणाला, "मामा, एकशे नव्वद चालतंय की." त्याला त्यांनी चारचौघांत असं झापलं की तो आठवडाभर शेडकडे फिरकला नाही.

खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. यात फार काही थोरपणा होता अशातला भाग नाही. त्यांची मिशी भरघोस होती, आणि तोंडातून खोटा शब्द निघायच्या आधी ती डाव्या बाजूला थरथरायची. लहानपणी ओठावर मिशी नव्हती तेव्हा ते बहुधा बरंच खोटं बोलून घेत असावेत. मिशी आली आणि तो मार्ग बंद झाला.

त्यामुळे पाहुण्यांचा त्यांच्यावर भारी विश्वास. सुट्टीवर आलेला माणूस दोन गोष्टींनी हैराण असतो, पैसे कुठे ठेवू आणि चांगलं जेवू कुठे. दोन्ही प्रश्न शेडच्या दारात येऊन पडायचे.

"पैसे तीन जागी ठेवा," हवामामा सांगायचे. "पहिल्या जागेचे भिजतील. दुसरी जागा तुम्ही विसराल. तिसऱ्या जागेचे कामाला येतील. आणि नोटा सुकवायला पंख्याखाली ठेवू नका, शोधत बसाल."

"आणि जेवायला?"

"जिथं जेवणाचे फोटो लावलेत तिथं जाऊ नका. तिथं जेवणापेक्षा फोटो बरे असतात. दुपारी दोनला ज्या खानावळीत स्वयंपाकी स्वतः जेवायला बसलेला दिसेल, तिथं शिरा."

असं सगळं छान चाललं होतं. मग त्यांच्या बायकोनं खानावळ काढली.

बायको म्हणजे सगळ्या धक्क्याच्या मामी. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात दोघांचं जेवण करून त्या कंटाळल्या होत्या. एक दिवस त्यांनी हातातल्या पाटल्या मोडल्या, धक्क्याला लागूनच एक गाळा भाड्यानं घेतला, चार टेबलं मांडली आणि हवामामांना सांगितलं, "अहो, उद्यापासून डबा नाही. जेवायला इथंच यायचं." सांगितलं म्हणजे कळवलं. विचारलं नव्हतं.

हवामामांना काळजी लागली, आणि ती पाटल्यांची नव्हती. मामी हाताच्या चपळ, मसाला अस्सल वाटायच्या, मासा ताजा निवडायच्या, भात मोकळा करायच्या. पण त्यांच्या जेवणात मीठ नसायचं. कमी नव्हे, नसायचंच. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हवामामांच्या दंडाला पट्टा गुंडाळून आकडा बघितला आणि म्हणाले, "मीठ कमी करा, नाहीतर मला दुसऱ्या कुठल्या खोलीत भेटाल." तेव्हापासून मामींनी मीठ कमी केलं ते केलंच. सोबत स्वतःही तेच खात गेल्या, आणि त्यांची जीभ मीठ म्हणजे काय ते साफ विसरून गेली. त्यांना ते जेवण उत्तम लागायचं. हवामामांनाही लागायचं, कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात कागदाची एक पुडी असायची. मामी पाणी आणायला वळल्या की एक चिमूट रश्श्यात. त्या वळल्या नाहीत तर हवामामांना एकदम ठसका लागायचा, म्हणजे पाणी आणायला त्यांना वळावंच लागायचं.

आता पंचाईत अशी की पाहुण्यांच्या खिशात पुडी नसते.

पहिल्या आठवड्यात जे आले ते परत आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात कुणी आलंच नाही. गाळेमालक येऊन बजावून गेला, की हंगाम संपेपर्यंत भाडं नीट आलं नाही तर गाळा गॉगल विकणाऱ्याला देईन. पाणी गढूळ होऊन बोटी बंद व्हायला दोन महिने उरले होते. मामी रिकाम्या टेबलांवरून ओलं फडकं फिरवत राहायच्या. मनगटावर पाटल्यांच्या जागी दोन पांढुरके वळ दिसायचे, आणि हवामामांना ते बघवत नसे.

"अहो, तुम्ही पाठवता ना लोकांना माझ्याकडे?"

"लोक विचारतात," हवामामा म्हणाले. हे खरं होतं.

"मग तुम्ही काय सांगता?"

"पैसे तीन जागी ठेवायला सांगतो."

हेही खरं होतं. मिशी गप्प राहिली, पण हवामामांना ताट गोड लागलं नाही. बायकोच्या पाटल्या एकीकडे आणि बावीस वर्षांचा शब्द दुसरीकडे. एकशे नव्वदच्या सिलिंडरला दोनशेची पट्टी लावणं त्यांच्यानं व्हायचं नाही, मग अळणी रश्श्याला तरी कशी लावणार? खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, पण मीठच खाल्लेलं नसेल तर माणसानं जागायचं कशाला, हेही त्यांना कळेना.

वाट निघाली ती एटीएममुळे. धक्क्यावर एकच एटीएम होतं, आणि त्या आठवड्यात त्याला काय सुचलं कोण जाणे, ते फक्त मोठ्या नोटा द्यायला लागलं. सगळ्या पाहुण्यांच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात मोठ्या नोटा, आणि बोटवाला उतरतानाच हात पुढे करून उभा. "सुटे द्या. नाहीतर चपला इथंच राहतील." त्याच्या अंगावर जायची कुणाची छाती नव्हती, आणि अनवाणी वाळूतून जायची त्याहून नव्हती. पानवाल्याकडे सुटे नाहीत, नारळवाल्याकडे नाहीत, औषधाच्या दुकानात सुट्यांऐवजी खोकल्याच्या गोळ्या.

सुटे फक्त मामींकडे होते. उद्घाटनाच्या दिवशी बँकेतून आणलेली सुट्या नोटांची आणि नाण्यांची अख्खी थैली गल्ल्यात जशीच्या तशी पडून होती. गिऱ्हाईकच नाही, तर सुटे देणार कुणाला?

"सुटे आहेत," मामी भिजलेल्या पाहुण्यांना म्हणाल्या. "पण आधी जेवा. नुसते सुटे द्यायला मी काय बँक आहे?"

आणि ते ओलेचिंब लोक, बोटवाल्याच्या धाकानं धक्क्यावरच्या नळाशी हात धुवायलाही न थांबता तसेच बाकांवर बसले, पटापट जेवले, आणि एकानं चक्क दुसऱ्यांदा रस्सा मागितला. मामी ओगराळं हातात घेऊन त्याच्याकडे बघतच राहिल्या.

चार दिवसांत दुपारची टेबलं भरायला लागली. संध्याकाळी मात्र पुन्हा शुकशुकाट. हे कोडं घेऊन शेडमध्ये आल्या त्या गणिताच्या बाई. शाळेतून पंधरा दिवसांची रजा काढून एकट्याच बुड्या मारायला आल्या होत्या आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची त्यांना खोड होती.

"मामा, मामींचा रस्सा दुपारी खाल्ला, झकास. संध्याकाळी आंघोळ करून, कपडे बदलून गेले, तोच रस्सा, त्याच पातेल्यातला, तर एकदम अळणी. याचा मेळ कसा लावायचा?"

हवामामांनी कॉम्प्रेसर बंद केला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच 'अळणी' हा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी बाईंना बसायला स्टूल दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गाळ्याच्या कोपऱ्यात उभे राहून नुसते बघत राहिले. पाहुणे समुद्रातून तसेच आलेले. ओठांवर खारट पाणी, मिशांवर पाणी, बोटांवर वाळून पांढरं झालेलं मीठ. त्याच बोटांनी भात कालवायचा, तीच बोटं चाटायची. प्रत्येकजण आपापलं मीठ घरून, म्हणजे समुद्रातून, घेऊन येत होता.

हवामामांचा जीव भांड्यात पडला. आता खोटं बोलायची गरजच नव्हती.

"जेवायला? पाण्यातून वर आलात की थेट मामींकडे," ते दुसऱ्या सकाळपासून सांगायला लागले. "वाटेत कुठं थांबू नका. संध्याकाळी गेलात तर माझी हमी नाही." मिशी तसूभर हलली नाही.

फक्त एकच अडचण. धक्क्याच्या पायऱ्यांपाशी गोड्या पाण्याचा नळ होता, आणि पुढच्याच आठवड्यात एटीएमचं डोकं ठिकाणावर आलं. सुट्यांची घाई संपली. लोक नळावर थांबून चुळा भरायला लागले, हात घासून धुवायला लागले. नको तेव्हा स्वच्छता. दोन दिवस मामींच्या ताटांत अर्धा भात उरला. तिसऱ्या दिवशी हवामामांनी इकडेतिकडे बघितलं, पान्यानं नळाची मूठ काढली आणि खिशात टाकली. आयुष्यातली पहिली चोरी. तोंड उघडावं लागलं नाही म्हणून मिशीला तिचा पत्ता लागला नाही.

पण शर्ट मामी धुवायच्या.

त्या संध्याकाळी हवामामा घरी ओट्यावर चहाची वाट बघत बसले होते. मामी आतून आल्या. हातात चहा नव्हता. एका तळव्यावर नळाची मूठ, दुसऱ्यावर कागदाची पुडी.

"ही मूठ कसली?"

हवामामांनी तोंड उघडलं. मिशी थरथरली. त्यांनी तोंड मिटलं, आणि मग सगळं सांगून टाकलं. नळ, ओठ, बोटं, गणिताच्या बाई.

"म्हणजे लोक माझ्या हाताला नावाजत नव्हते. समुद्राला नावाजत होते."

"हाताला चव आहे गं तुझ्या. फक्त मीठ नाही."

मामी त्यांच्याशेजारी बसल्या. मूठ त्यांनी ओट्यावर ठेवली. हवामामांना वाटलं, आता पाटल्यांचं निघणार.

"आणि ही पुडी?" मामी म्हणाल्या.

"ती... तीही माझीच."

"ते माहीत आहे मला. अकरा वर्षं मीच शर्ट धुते. पहिल्यांदा सापडली तेव्हा म्हटलं, भांडून काय उपयोग, हा माणूस दुसऱ्या खिशात ठेवेल. म्हणून रश्श्यातलं एक चिमूट काढलं. पुढच्या महिन्यात पुडी मोठी झाली. मी आणखी एक काढलं. तुम्ही वाढवत गेलात, मी काढत गेले. शेवटी माझ्याकडे काढायला काही उरलंच नाही."

हवामामांनी मनात हिशेब लावला. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं होतं. ते संपवलं कुणी, तर त्यांच्या स्वतःच्या पुडीनं.

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं तुला कुणी चांगलं झालंय म्हटलं नाही."

"मला कुठं तारीफ हवी होती?" मामी म्हणाल्या. "मला जेवणारा हवा होता." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हवामामांच्याही आलं, पण त्यांनी ते मिशीत जिरवलं.

दुसऱ्या दिवशी मूठ नळावर परत बसली. मामींनी प्रत्येक टेबलावर मिठाची वाटी ठेवली, आणि गणिताच्या बाईंना मुद्दाम संध्याकाळी बोलावून पहिलं ताट वाढलं. बाईंनी दोन चिमटी टाकल्या, खाल्लं आणि म्हणाल्या, "आता मेळ बसला." हंगाम संपायच्या आत संध्याकाळीही टेबलं भरली. गॉगलवाल्यानं दुसरा गाळा शोधला. पाटल्या अजून परत आलेल्या नाहीत, पण मामी सोनाराच्या दारावरून जाताना आता मान फिरवत नाहीत, थांबून भाव विचारतात.

कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र वाटी नसते. ते टेबल हवामामांचं. पुडी गेली, खिसे रोज तपासले जातात. पण रोज दुपारी दोनला ते कॉम्प्रेसर बंद करतात, धक्क्याच्या तीन पायऱ्या उतरतात, वाकून मिशी समुद्रात बुडवतात आणि टपटप पाणी गाळत जेवायला येतात. मामी पदर हातात घेऊन पुढे येतात, मिशीकडे बघतात, आणि कढईत काहीतरी करपतंय असं म्हणून आत जातात.

परवा डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि चष्मा काढून पुन्हा बघितला. "बराच उतरलाय की. मीठ बंद केलंत?"

मिशी डावीकडे थरथरायला लागली. हवामामा तोंड उघडणार, एवढ्यात मामी पुढे झाल्या.

"माझ्या हातून त्यांच्या ताटात कणभर जात नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. आणि यात कणभरही खोटं नव्हतं.