शेवटची नोंद पुढे ओढू नका

आमच्या समोरच्या खोलीतल्या गृहस्थांना मी आकडेबुवा म्हणतो. इस्पितळाच्या संशोधन विभागात ते क्षयरोगाच्या औषधांच्या चाचण्यांचं गणित मांडतात. आज उकडतंय म्हटलं, की "कशाच्या तुलनेत?" असं विचारतात. लग्न का केलं नाही, तर म्हणे नमुना पुरेसा मोठा मिळाला नाही. घरात खुर्ची एकच. मी गेलो की ती मला मिळते आणि ते पलंगाच्या कडेवर बसतात, गाडी चुकलेल्या माणसासारखे.

एका संध्याकाळी गेलो तर ते भडकलेले होते. चाचणीतले बरेच रोगी मध्येच यायचे बंद झाले होते. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, त्यांच्या शेवटच्या तपासणीची नोंद घ्या आणि तीच पुढे ओढा, म्हणजे पुढच्या तारखांनाही तीच लिहा. तेव्हा थुंकीत जंतू नव्हते ना, मग माणूस बरा.

"माणूस यायचा थांबला म्हणजे आजारही थांबला का हो?" आकडेबुवा म्हणाले. "कुणी बरा होऊन कामाला लागला असेल, कुणी अंथरुणाला खिळला असेल. आधी फोन करा. नाही लागला तर घरी जा. तरी नाही सापडला तर माहीत नाही म्हणा. एवढं म्हणायला लोकांच्या पोटात का दुखतं?"

त्यांचा पारा उतरावा म्हणून मी विषय बदलला. "तुमच्या ताई कशा आहेत?"

"रागावलेली आहे."

"कधी बोललात?"

"आई गेली तेव्हा."

तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. आई आजारी असताना हे साथीच्या तापाच्या आकड्यांतून उठलेच नव्हते. ताई म्हणाली होती, पुन्हा तोंड दाखवू नकोस. यांनी आज्ञाधारकपणे दाखवलं नाही.

"म्हणजे तुम्हीही शेवटची नोंदच पुढे ओढताय," मी म्हणालो. हसतील असं वाटलं होतं. ते उठले, माझ्या हातातला अर्धा भरलेला कप घेतला आणि विसळायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईचा जुना नंबर लावला. तो आता कुठल्याशा टायरच्या दुकानाचा झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात उभे. "फोन लागला नाही की घरी जायचं. पद्धतच आहे तशी," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात देऊन जिना उतरले. इतका घाबरलेला माणूस मी दाताच्या दवाखान्यातही पाहिला नव्हता.

काही दिवसांनी फोन आला.

"भेटल्या?"

"भेटली. तब्येत ठणठणीत आहे."

"आणि राग?"

"राग विसरली. आईचं आजारपण विसरली, भांडण विसरली. मलाही विसरली. भाचा म्हणतो, वर्षभर असंच चाललंय. मला म्हणाली, बसा, तुम्ही कुणाकडे आलात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तुमच्याकडेच आलो, म्हटलं. उद्या पुन्हा विचारील. उद्याचं उद्या बघू, आजच्यावरून काही धरून चालायचं नाही." आवाज जरा सावरला. "रजा वाढवलीय. झाडाला पाणी घालत जा."

त्यांच्या खोलीत झाड नाही; गावाला गेलेली माणसं असं सांगतात, म्हणून सांगितलं असावं. तरी मी रोज कुलूप उघडतो आणि त्या एकुलत्या खुर्चीवर थोडा वेळ बसून येतो.