बावलीचा ताप

अळणावरच्या स्टँडवर सकाळची धारवाड गाडी धरली तेव्हा पिशवीत दोन भाकऱ्या, लसणाची चटणी आणि तुळसाचं आधार कार्ड होतं. तुळसा माझी बायको. तिला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. धडधाकट होती तोवर ती धारवाडच्या पुढं कधी गेली नाही. हुबळी बघितली ती शेवटची, तीही गाडीत आडवी पडून.

ती हृदयानं गेली. हुबळीच्या डॉक्टरनं माझ्या तोंडावर सांगितलं. पण त्याच आठवड्यात नव्या तापाची बातमी आली. खाली दक्षिणेत कुठंतरी माणसं आजारी पडली आणि इकडं आमच्या गावात फोनांना ताप चढला. धारवाडहून एक संदेश आला, मराठीत, चांगला शुद्ध: ‘बावलीपासून ताप पसरतो. बावलीला हात लावू नये. बावलीने उष्टे केलेले फळ खाऊ नये.’

बावली म्हणजे आमच्यात बाहुली. आणि तुळसा जुन्या लुगड्यांच्या बावल्या शिवायची. गावात असं घर नव्हतं जिथं तिची बावली नाही. झालं. बावल्या शिवणारी बाई मेली, मग कशानं मेली हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे?

मी चौथी शिकलोय. कापडाची बावली फळ उष्टं करत नाही एवढं चौथीत कळतं. बारावी झालेल्यांना कळेना. परसू म्हणून एक आहे, सगळं गाव त्याच्या फोनवर चालतं. तो म्हणाला, “अण्णा, ते सायन्स हाय. डोळ्याला दिसत न्हाई.” लोकांनी पोरींच्या हातातल्या बावल्या चिमट्यानं उचलून माझ्या दारात आणून टाकल्या. पोरी रडत होत्या. तेराव्याला मी साठ माणसांचा स्वयंपाक सांगितला होता. एक माणूस आला नाही. पत्रावळी तशाच राहिल्या.

आता चार दिवसांनी तिचा महिना होता. त्या दिवशी तरी गावानं येऊन तिच्या नावाचा घास खावा, एवढंच मला पाहिजे होतं. परसू म्हणाला होता, “कागद आण अण्णा. कागद असला तर बोलू.” म्हणून मी कागद आणायला निघालो.

गाडीत शेजारी एक बाई बसली. गळ्यात कापूर, लवंग आणि ओवा बांधलेली पुरचुंडी.

“एल्लिग होंटीरी अज्जा?” (कुठं निघालात आजोबा?)

“हुबळीला. इस्पितळात.”

ती अर्धी वीत सरकली आणि पुरचुंडी नाकाला लावली. म्हणाली, “हे बांधा. आमच्या कलघटगीत सगळ्यांच्या गळ्यात हेच आहे, म्हणून एकालाही ताप नाही.”

“पुरचुंडी बांधायच्या आधी किती जणांना होता?”

“एकालाही नव्हता.”

“मग?”

“मग काय? तेव्हाही नव्हता, आताही नाही. गुण आला की नाही?”

मी हसलो आणि हसता हसता मला विडीचा खोकला आला. सगळी गाडी माझ्याकडं वळून बघायला लागली. पुढचे दोघं उठले, मागचे तिघं उठले, बाई तर ड्रायव्हरजवळ जाऊन उभी राहिली. कंडक्टरनं तिकीट लांबून हात करून दिलं, जशी मांजराला भाकरी टाकावी. अख्ख्या आयुष्यात मला एसटीत एवढी ऐसपैस जागा मिळाली नव्हती. खिडकी उघडून बसलो. बाहेर उसाचे फड, मग सागवान, मग धारवाडची लाल माती. तुळसा असती तर म्हणाली असती, अजून एकदा खोका, पाय लांब करायचेत.

धारवाडला उतरून हुबळीची एसीवाली गार बस घेतली. तिच्यात भाकरी खायला मनाई आहे. पिशवीतून लसणाचा वास सुटला तसा एक चष्मेवाला दुसऱ्याला म्हणाला, “लसूण चांगला. विषाणू मरतो.” मग कुणीच मनाई केली नाही.

इस्पितळात मला वाटलं होतं दिवस मोडेल. खिडकीतल्या बाईनं कार्ड बघितलं, “कूडरी अज्जा” (बसा आजोबा) म्हणाली, आणि थोड्या वेळानं शिक्का मारलेला कागद दिला. इंग्रजीत होता.

“यात ताप लिहिलाय का?”

“इल्ल अज्जा. हार्ट.” तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं. तेवढ्या सगळ्या प्रवासात माझ्याशी नाकाला काही न लावता बोललेली ही पहिली बाई.

कागद घडी करून खिशात घातला आणि पाय नेतील तिकडं चालत लॅमिंग्टन रोडला लागलो. शाळा सुटली होती. एका दुकानाच्या दाराला बाहुल्यांची माळच टांगलेली, प्लास्टिकच्या, गोऱ्यापान. पोरी त्यांचे केस ओढत होत्या, आया भाव करत होत्या. मी बाजूला उभा राहिलो. म्हटलं बघू, कोण पडतं. कुणी पडलं नाही.

पण शेजारच्या फळवालीच्या गाड्यावर माशीही नव्हती. प्यारलांचा (पेरूंचा) ढीग आणि ती एकटी.

“याक्री अक्का, गिराकी इल्ल?” (का हो अक्का, गिऱ्हाईक नाही?)

“कोण घेणार अज्जा? बावलीनं चावलेलं असेल म्हणतात. सकाळी एक साहेब आला, प्रत्येक प्यारला फोनच्या बॅटरीवर बघितला आणि बिस्किटाचा पुडा घेऊन गेला.”

“शेजारी एवढ्या बावल्या टांगल्यात, तिथं गर्दी. त्या रात्री येऊन तुझी फळं खातात होय?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग दुकानातल्या बाहुल्यांकडं बघितलं. मग पदर दोन्ही हातांत धरला, पसरला आणि भर रस्त्यात फडफडवला.

“हारतद अज्जा, हारतद! (उडते आजोबा, उडते!) झाडाला उलटी लोंबकळते ती!”

“वाघूळ?”

“मग काय तुमची हेंडती?” (बायको?) आणि ती खो खो हसली.

मी तिथंच फुटपाथच्या कडेला बसलो. हसू आवरत नव्हतं. कन्नडात वटवाघळाला बावली म्हणतात! आमचं कन्नड बाजारातलं. भाव, बियाणं, बैल, भाडं, शिव्या, एवढं येतं. बाजारात वाघळाचा भाव कोण विचारतो? फळवालीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं एक प्यारला धुऊन, चिरून, मीठ लावून माझ्या हातात दिला. गोड होता.

संदेशाखाली नाव होतं ते मला पाठ होतं. दत्तू मास्तर, तुळसाचा सख्खा चुलतभाऊ, धारवाडात असतो, निवृत्त आहे. परत फिरताना थेट त्याच्या घरी गेलो. मास्तर फाटकाच्या आत, मी बाहेर. “भावजी, तिथंच थांबा,” म्हणाला आणि माझ्यावर, पिशवीवर, फाटकाच्या कडीवर फवारा मारला. देवळातही एवढं तीर्थ मिळत नाही.

“मास्तर, बावली म्हणजे काय?”

“वटवाघूळ. का?”

“मग वटवाघूळ लिहायला हात दुखत होता?”

“अहो, मूळ कन्नड होतं. भाषांतर घाईत केलं, लोकांच्या भल्यासाठी. तो शब्द तेवढा राहून गेला. संदर्भानं कळतं की!”

“कळलं ना. सगळ्यांना कळलं. तुमची बहीण बावल्या शिवायची हेही त्यांना ठाऊक होतं. तेराव्याला एक माणूस जेवला नाही माझ्या दारात. आणि तुम्ही सख्खे, तुम्ही का आला नाहीत?”

मास्तरनं फवाऱ्याची बाटली या हातातून त्या हातात घेतली. “इथूनही... लोक बोलत होते भावजी.”

“म्हणजे स्वतः लिहिलं, आणि स्वतःच भ्यालात?”

मी म्हटलं, गावात चला, चावडीपुढं उभं राहून सांगा. म्हणाला, जन्मभर मराठी शिकवलं, लोक हसतील. म्हटलं, हसू द्या, माणसं हसून मरत नाहीत. आला नाही. पण मी फाटक सोडलं नाही. शेवटी फोन काढून माझ्यासमोर त्यानं दुरुस्ती लिहिली: ‘बावली म्हणजे वटवाघूळ. कै. तुळसाताई हृदयविकाराने गेल्या. त्यांचा व त्यांच्या बाहुल्यांचा तापाशी संबंध नाही.’ मोठ्यानं वाचून दाखवा म्हटलं. वाचताना ‘तुळसाताई’शी तो अडला आणि त्यानं ते नाव परत वाचलं. मग त्यानं कडी काढली आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

रात्र धारवाडच्या स्टँडवर काढून दुसऱ्या दिवशी गावात पोचलो तर लोक सामोरे आले. “अण्णा, आलासा काय? दमलासा काय?” परसूनं पिशवी घेतली. “चूक झाली अण्णा. महिन्याला सगळे येतो बघा.” मी खिशातून कागद काढला. कुणी हातात धरला नाही. “कागद कशाला? मेसेज आलाय न्हवं!”

महिन्याच्या दिवशी खरंच सगळं गाव आलं. अंगणात पत्रावळी मांडल्या. भात, वरण, वांग्याची भाजी, तिला आवडायची ती शेवयांची खीर. मी कावळ्याचं पान घेऊन ओट्यावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, ही आमची रीत.

कावळा येईना.

एक नाही, दोन नाही, आभाळ कोरं. मी सावित्रीअक्काला, शेजारणीला, विचारलं, “कावळे कुठं गेले?”

ती परसूकडं बघायला लागली. परसू पत्रावळीकडं. मग कळलं. दुरुस्ती आल्या आल्या सगळ्यांना वडावरची वाघळं आठवली होती. मी वाटेत होतो तेव्हापासून गाव वडाखाली सुतळी बॉम्ब उडवत होतं, आजही सकाळी दोन माळा लावून झाल्या होत्या; आवाज मीही ऐकले, पण कुठल्या लग्नाचे असतील म्हटलं. वाघूळ आता बघायलाही एक उरलं नव्हतं, आणि त्या वडावरच्या कावळ्यांनीही गाव सोडलं होतं.

सावित्रीअक्का हळूच म्हणाली, “तिची काहीतरी इच्छा राहिलीय अण्णा.”

“तिची इच्छा राहिली नाही गं,” मी म्हटलं, “तुम्ही कावळे राहू दिले नाहीत.”

कुणी हसलं नाही. परसू म्हणाला, दर्भाचा कावळा करून लावू या का, भात निवतोय. मी नको म्हटलं. दहाव्याला नदीवर मी एकटाच होतो, तरी कावळा आला होता. त्याच्याकडं फोन नाही. आज ना उद्या परत येईल.

ऊन अंगणात उतरलं. खिरीवर साय धरली. साठ माणसं भरल्या पत्रावळीपुढं हात मांडीवर ठेवून वर आभाळाकडं बघत बसली होती. धारवाड बघितलं, हुबळी बघितली, पण असं काही बघायला मिळालं नव्हतं. सगळं गाव तुळसासाठी थांबलं होतं. मीही उंबऱ्यावर टेकलो. मला काही घाई नव्हती.