थोरल्या जावेची अबकड

आमच्या थोरल्या जावेइतकी शिकलेली अडाणी बाई धाराशिव जिल्ह्यात दुसरी झाली नाही. तिला अक्षरं पाचच येतात: अ, ब, क, ड आणि ई. त्या पाचांच्या जोरावर तिनं अख्खं गाव धाकात ठेवलं. मी तिला तोंडावर ‘आक्का, तुम्ही’ म्हणते आणि पाठीमागं ‘ती’. सध्या ती समोर नाही, पुण्याला लेकाकडं आहे, म्हणून इथं ‘ती’च लिहिते. समोर आली की सुधारून घेईन.

ही अक्षरं तिला शाळेनं दिली नाहीत. आमच्या घराला लागून अंगणवाडी भरायची. तिथं भिंतीवर जीवनसत्त्वांचा तक्ता होता. गाजराखाली अ, मोड आलेल्या मटकीखाली ब, लिंबाखाली क, सूर्याखाली ड, शेंगदाण्याखाली ई. नर्सबाई महिन्यातून एकदा येऊन काठीनं दाखवायच्या, अ डोळ्याला, ब नसांना, क हिरड्यांना, ड हाडांना, ई कातडीला. बाकीच्या बाया खाऊच्या पुड्यासाठी जायच्या, ही तक्त्यासाठी. घरी येऊन तीच अक्षरं चुलीपुढच्या राखेत गिरवायची. मग गल्लीतल्या पोरांना शिकवायला लागली. एक दिवस गुरुजी घरी आले. ‘क कशाचा’ म्हणून विचारलं तर सगळा वर्ग ‘लिंबाचा’ म्हणून ओरडला, अशी त्यांची तक्रार. ती म्हणाली, “गुरुजी, कमळ खाऊन कुणाच्या हिरड्या बऱ्या झाल्या का सांगा.” गुरुजी उठले. जाताना तिनं त्यांच्या खिशात दोन लिंबं घातली.

मी चौथी पास. मला वाटलं, एवढी गोडी आहे तर पुढचंही शिकवावं. पाटीवर मोठा ‘ग’ काढला. तिनं चष्मा पुसून बघितला.

“ह्यो कशात असतो? गवारीत?”

“कशात नसतो आक्का. नुसतं अक्षर हाय.”

“कुठल्या रोगावर?”

“रोगावर न्हाय.”

“मग कशाला शिकू?” म्हणाली आणि पाटी पालथी घातली. रोगाशिवाय अक्षर ती शिकायची नाही. काना-मात्रा तर तिला फुकटचा नट्टापट्टा वाटायचा.

खनिजांचं तिनं वेगळंच मांडलं होतं. जीवनसत्त्वं म्हणजे पाहुणी, आली तशी जातात, रोज बोलवावी लागतात. खनिजं म्हणजे घरची माणसं, पण त्यांचे मानपान फार. लोह आणि दूध म्हणजे सून आणि सासरा, एका पंगतीला बसत नाहीत. लोहाला हात धरून आत न्यायला क लागतो, म्हणून तांदुळजाच्या भाजीवर लिंबू पिळल्याशिवाय तिच्या घरात कुणी घास मोडला नाही. जेवणावर चहा म्हणजे दारात आलेल्या लोहाला हाकलून देणं. भाजी कायम लोखंडी कढईत, काळीकुट्ट. दिसायला वाईट. चवीला मात्र, खोटं कशाला बोलू, चांगली असायची.

माझ्या धाकट्या लेकीला बघायला भूमचे पाहुणे आले तेव्हा हिनं कहर केला. जेवणं झाली, मी चहा आणला, तर हिनं नवऱ्या मुलाच्या हातातला कप काढून घेतला. वर त्याच्या जवळ जाऊन त्याची खालची पापणी बोटानं ओढली. “पांढरी फटक हाय. ह्याच्यात लोह न्हाय.”

मुलाची आई चिडली. “पोरगी तुमची बघायची हाय का पोरगं आमचं?”

“दोन्ही बघू की. संसार एकटीनं करायचा हाय व्हय?”

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पाहुणे उठून गेले. पण मुलाची आई घाबरली असणार, तिनं दवाखान्यात रक्त तपासून घेतलं. खरंच कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हिनं तीळ-गुळाचे लाडू आणि शेवग्याचा पाला पाठवला, आणि सोयरीक झाली. जावई अजूनही आमच्याकडं येताना दारात मोटारसायकल उभी करतो, गाडीच्या आरशात पापणी ओढून बघतो आणि मगच आत येतो.

पण तिचं खरं प्रेम ड वर. आमच्या दोघींच्या घरांना मिळून एक भिंत आहे. तिथं ती रोज ऊन खायला बसायची. तेही कोवळं नाही. “कोवळ्या उन्हात ड कच्चा असतो,” म्हणायची. नर्सबाईंनी सकाळचं चढतं ऊन सांगितलेलं, ते हिनं चैत्रातसुद्धा पाळलं. मी सावलीची माणूस. मला दंडाला धरून ओढायची, “बस गं, हाडं काय माहेराहून आणणार हाईस?” बसलं की हिची बडबड सुरू. कुणाचं तोंड आलंय म्हणजे ब कमी, कुणाच्या पोराला संध्याकाळी दिसत नाही म्हणजे अ कमी. मी कंटाळायचे आणि तसं सांगायचे. ती थांबायची नाही.

गेल्या हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. गावाला आयतं मिळालं. “सगळ्यांना ड वाटला, सवतालाच उरला न्हाय!” ती जीपमध्ये आडवी असतानाच ओरडली, “ड नसता तर दोन मोडली असती!”

तिचा लेक, म्हणजे माझा पुतण्या, पुण्याला न्यायला आला. निघताना तिनं मला विचारलं, “जाऊ का गं?”

मी म्हणाले, “जावा की. हितं तुमच्यावाचून कुणाचं अडलंय?”

पुतण्या हसला. ती हसली नाही.

पाय बरा झाला. ती काठी घेऊन चालते. पण आता लेक म्हणतो, गावात एकटी कशी राहणार. आणि ती काही मागत नाही. माझं ते बोलणं तिनं धरून ठेवलंय. बोलावल्याशिवाय ती यायची नाही, मी ओळखते तिला. फोनवर तिला ऐकू येत नाही. समोर बसून ओरडलं तर येतं, फोन लावला की ‘हां, बरं हाय’ म्हणून ठेवून देते. सून सांगते, घर चांगलं आहे, पण समोरच्या इमारतीमुळं ऊन येत नाही. ड आठवड्याला एकदा पुडीतून, दुधात घालून देतात.

मागं पुतण्या शेताकडं आला तेव्हा त्यानं घडी केलेला कागद दिला. आत एकच अक्षर, वेडंवाकडं. ड.

मला तिला उत्तर लिहायचं होतं. ‘आक्का’ लिहिलं आणि खोडलं, तिला ते वाचता येणार नाही. माझी चौथी तिच्या पाच अक्षरांपुढं अडली. भिंतीला टेकून बसले आणि बऱ्याच वेळानं एक शब्द सापडला. तो लिहून पाठवला. बडबड. सून म्हणाली, त्यांनी बोट ठेवून वाचलं, हसल्या आणि कागद उशाखाली ठेवला.

परवा तिचं उत्तर आलं. अडक. बास, एवढंच. पुढचं ‘ले’ तिला येत नाही.

आज मी मिठाची पुडी घेऊन बसले आहे. मीठ खनिजाचं, गळ्याच्या गाठीवर चालतं, त्यातलं अक्षर शिकायला ती नाही म्हणणार नाही. पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ छापलेलं आहे. त्यातला ‘यो’ मी कापून घेतला. वरची मात्रा कात्रीनं उडवली की ‘या’ उरतं. कागदाला ते खळीनं चिकटवलं आहे. सुनेनं एकदा वाचून दाखवलं की पुरे.

भिंत तापली आहे. मी अजून उन्हातच बसले आहे, डाव्या अंगाला. उजवी जागा तिची.