घड्याळजी आणि लाल मोटार

कुवेतहून मामाने मला बिनतारी मोटार पाठवली, तेव्हा मी वाशीमला नववीत होते. हातातल्या खोक्यावरची बटणं दाबली की तळहाताएवढी ती लाल गाडी लांबून चालायची. पण सारखी डावीकडे ओढायची आणि भिंतीवर आपटायची. "मोडण्याआधी कपाटात ठेवून दे," असं आईने बजावलं, म्हणून मी गाडी घेऊन बाजारातल्या घड्याळजींकडे गेले.

त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. मेंदी लावलेली दाढी आणि एका डोळ्याला भिंग, एवढं आठवतं. त्यांनी पुढची चाकं एकेक करून दाबली. डावं चाक दबलं ते वर आलंच नाही.

"बेटा, स्टेअरिंगले कायले दोष देतं? हिची एक स्प्रिंग बसली. लंगडून राह्यली बिचारी."

बॉलपेनमधली स्प्रिंग कापून तिचे सारखे तुकडे त्यांनी दोन्ही चाकांना बसवले. मग गाडी दुकानापुढच्या फरशीवर सोडली. ती सुतासारखी सरळ गेली.

"मले एक डाव चालवू दे," ते हळूच म्हणाले.

एकाचे दहा डाव झाले. घड्याळं घेऊन आलेली माणसं ताटकळली आणि हे गाडीमागे वाकून हसत चालले होते. शेवटी खोकं परत देताना त्यांनी चेहरा गंभीर केला.

"थोडं काम राह्यलं वाटते. उद्या घेऊन येजो."

गाडीत काहीच बिघाड उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मी ती घेऊन गेले.