भावोजींचा कान

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची. शिक्षण जेमतेम, आयुष्य गेलं डब्यांची पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या कारखान्यात. पण कुणाची मोटारसायकल कुरकुरली की आधी यांच्या दारात यायची. भावोजी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच: ‘ठणठणीत’ नाहीतर ‘उघडावी लागेल’. फी एक कप चहा, आणि तोही ताईनेच करायचा.

आमच्याकडे एका ठरावीक बनावटीच्या गाड्या फार. इंजिन दणकट, पण एक खोड सगळ्यांना ठाऊक. आतली टायमिंग चेन ताणून धरायला टेन्शनर म्हणून बोटभर लांबीचा एक भाग असतो, तो लवकर ढिला पडतो. मग चेन आतल्या आत फटके मारते आणि बारीक कर्र-कर्र ऐकू येते. तेव्हाच ओळखलं तर किरकोळ काम. नाही ओळखलं तर चेन दात सोडते आणि धावती गाडी जागच्या जागी जाम होते. भाचीची गाडी याच बनावटीची. ती हमरस्त्यावरच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये कामाला. दर रविवारी बाप गाडीला कान लावणार आणि मगच ती सोमवारी पहाटे निघणार, असा घरचा कायदा होता.

अशा माणसाबद्दल एक दिवस ताईचा फोन आला. "तू ये बाबा. तुझ्या भावोजींचं काही खरं नाही."

"आता काय केलं?"

"दर रविवारी गाडी खोलून बसतात. पुढच्या खोलीत, माझ्या चांगल्या चादरीवर."

"बिघडली असेल."

"कसली बिघडतेय! काही निघत नाही. जोडतात, आणि पुढच्या रविवारी परत खोलतात. बरी होती गाडी, उघडून उघडून आजारी पाडली. पॅकिंग फाटून तेल गळायला लागलंय. पोरगी कामावर उशिरा पोचतेय. तिला वाटतं, तिने गाडी चालवू नये म्हणून हे सगळं नाटक आहे. बापलेकीचं बोलणं बंद झालंय."

मला रागच आला. आधी हौसेने मुलीला गाडी घेऊन द्यायची, चारचौघांत मिरवायचं आणि मग तिचे पाय ओढायचे! यावेळी भावोजींना चार शब्द सुनावायचेच असं ठरवून मी रविवारी गेलो.

खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या. चाकांखाली वर्तमानपत्रं. स्टीलच्या वाट्यांमध्ये बोल्ट वेगवेगळे ठेवलेले आणि भावोजी पाठमोरे पाटावर बसलेले. मी दारातून विचारलं, "काय डॉक्टर, पेशंटचं पोट फाडलंत वाटतं?" उत्तर नाही. म्हटलं, ताईने फोन केल्याचं कळलेलं दिसतंय, फुगलेत. समोर जाऊन उभा राहिलो तसे दचकले.

"अरे मेहुणे! कधी आलात?"

टेन्शनर काढून झाला होता. त्यांनी तो फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. "अंगठ्याने दाबून बघा. दांडी आत जातेय?"

मी जीव खाऊन दाबलं. तसूभर हलली नाही.

"चांगला आहे की! बसवा आता, आणि हा खेळ थांबवा. पूर्वी दोन मिनिटांत कानाने सांगायचात, आता काय धाड भरली?"

ते वाटीत बोल्ट शोधत राहिले. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

गाडी जोडून झाली. भाची आतून आली, बापाकडे न बघता बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. इंजिन मऊ चालत होतं. माझा कान काही डॉक्टरचा नाही, पण कर्र-कर्र नक्की नव्हती. भावोजींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. पण डोळे मिटले नाहीत. ते टक लावून बघत होते ताईच्या तोंडाकडे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गळलेलं तेल तापून धूर निघाला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वाजतंय ना?" भावोजी ओरडले. "मला वाटलंच होतं!" आणि त्यांनी पाना उचलला.

"काही वाजत नाहीये हो. धूर झालाय," ताई म्हणाली. तोवर ते खाली वाकले होते. ते बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जन्मभर प्रेस मशीनच्या दणदणाटात उभा राहिलेला माणूस. त्या घरात सगळेच मोठ्याने बोलायचे. यांच्याकडे गुपित टिकत नाही, अशी आम्ही चेष्टा करायचो. त्या आरडाओरड्यात त्यांचा कान कधी गेला ते कुणाला कळलंच नव्हतं.

भाचीने गाडी बंद केली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "बाबा, कधीपासून?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "वायरमन पडला, त्याच्या आधीपासून."

गल्लीतल्या वायरमनची गाडीही याच बनावटीची; ती मध्यंतरी पुलावर जाम झाली होती. खांद्याचं हाड मोडलं. आदल्याच दिवशी भावोजींनी तिला ठणठणीत म्हटलं होतं. गॅरेजवाल्याने चेन दाखवली, तर वायरमन म्हणे, डॉक्टरांनी कालच कान लावला होता, म्हणजे अचानक गेली असणार. भावोजी गॅरेजात जाऊन ती चेन बघून आले होते. घासून घासून झिजली होती, अचानक गेलेली नव्हती. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि ताईला वाटलं, पित्त झालंय.

"तुझ्या गाडीला ठणठणीत म्हणायचा धीर होईना गं," ते भाचीला म्हणाले. "म्हणून डोळ्याने बघत होतो."

तिने त्यांचा तेलकट हात धरला. "त्याला सांगितलंत?"

मान हलली. नाही.

"बोलवू?"

त्यांनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग हो म्हटलं.

वायरमन आला, हात गळ्यात बांधलेला. "काका, गाडी उद्या मिळतेय. तुम्ही कान लावल्याशिवाय काही मी तिच्यावर बसत नाही."

"बस जरा," भावोजी म्हणाले. "तुझ्या गाडीत आवाज होता. असणारच. मला ऐकू आला नाही. आणि आपल्याला ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. तरी ठणठणीत म्हटलं. डॉक्टर म्हणवून घ्यायची सवय लागली होती."

ताईने चहा आणून ठेवला. वायरमनने कपाला हात लावला नाही. मान खाली घालून, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "पोरीला शाळेतून आणायला निघालो होतो. येताना पडलो असतो तर ती मागे असती. तुमच्या शब्दावर मी तिला रोज बसवत होतो, काका."

आणि उठून निघून गेला.

भावोजींनी आमच्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

ताई त्यांच्या कानाशी वाकली. "होतं असं कधीकधी, म्हणाला!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटीतले बोल्ट न्याहाळत होतो.

"एवढंच बोलायला इतका वेळ लागला?"

भाची उठली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कानाला तोंड लावलं आणि वायरमन बोलला ते शब्दन् शब्द सांगितलं, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "अगं!" ताई म्हणाली, पण ती थांबली नाही.

भावोजींनी डोळे मिटले होते, पूर्वी इंजिनाला कान लावताना मिटायचे तसे.

"ऐकू आलं," ते म्हणाले.